एका गळ्यात पदक, शंभरांचा फड

दिल्लीच्या कलापुरस्कारांच्या इतिहासात जुन्नर तालुक्याचे नाव ज्या बाईंमुळे गेले त्यांचे पूर्ण नाव एकदा सावकाश वाचायला हवे: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पंढरपुरात १९३५ साली जन्मल्या, म्हणून विठोबाचे नाव. भाऊ हे वडिलांचे नाव, मांग ही जात, नारायणगाव हे गाव. पण वाचन एवढ्यावर संपत नाही. ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे एका फडाचेही नाव होते. भाऊ आणि बापू हे खुडे घराण्यातले. फड उभा केला तो विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांनी, आणि ते शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ आणि १९९० असा दोन वेळा विठाबाईंचा गौरव झाला तेव्हा पदक एका गळ्यात पडले. नाव मात्र अख्ख्या फडाचे पुकारले गेले. हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नसेल, कारण पुरस्कार माणसाला द्यायचा असतो ही गोष्ट आपण गृहीतच धरलेली आहे. या प्रस्तावनेत मला जे म्हणायचे आहे ते त्या गृहीताबद्दल आहे. तमाशासारखी कला एकट्याने होत नाही. ती फडाने होते. आणि जोपर्यंत राष्ट्र फडाला ओळखत नाही तोपर्यंत त्याने दिलेले पदक खरे असूनही अर्धेच राहते.

हे गृहीत आले कुठून, ते पाहण्यासाठी संगीत नाटक अकादमीच्या जन्माकडे जावे लागते. अकादमी स्थापन करण्याचा ठराव ३१ मे १९५२चा, आणि तिचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले २८ जानेवारी १९५३ला. पुरस्काराची सुरुवात मात्र उद्घाटनाच्याही आधीची. पहिल्या खेपेला चार जणांचा गौरव झाला: अल्लाउद्दीन खाँ, मुश्ताक हुसेन खाँ, अरियाकुडी रामानुज अय्यंगार आणि कारैकुडी सांबशिव अय्यर. दोघे हिंदुस्तानी, दोघे कर्नाटकी. दोन गायक, दोन वादक. निवड निर्दोष होती, पण साचा तिथेच पडला. बैठकीच्या मधोमध बसलेला एक थोर कलावंत, त्याची दीर्घ साधना, त्याचे घराणे, त्याचा हात किंवा गळा. पुढे नृत्य आले, नाटक आले, लोककला आल्या, पण प्रत्येकीला याच साच्यातून जावे लागले. १९७३ साली मावळातल्या इंदोरीचे दादू इंदुरीकर यांना तमाशासाठी अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘गाढवाचं लग्न’मधला त्यांचा सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला त्यांनी तो जन्मभर विसरला नाही. पण सोंगाड्याचा विनोद समोरच्याने टाकलेल्या सवालावर उभा राहतो. सवाल टाकणारा चुकला, ढोलकी अर्ध्या मात्रेने मागे पडली, तर थोरातला थोर सोंगाड्याही फळीवर उघडा पडतो. मैफलीतही साथ असतेच, नाही असे नाही. पण मैफलीत साथीदार बदलला तरी राग तोच राहतो. फडातला सोंगाड्या बदलला की वगच बदलतो.

आपल्या जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. होनाजी बाळा हे नाव आज एका माणसाचे वाटते. ती माणसे दोन होती: होनाजी शिलारखाने हा कवी आणि बाळा करंजकर हा गाणारा. उत्तर पेशवाईत नाव झाले ते जोडीचे, आणि दोनशे वर्षे ते जोडीनेच टिकले. भाऊ-बापू हे नावही त्याच वळणाचे. म्हणजे तमाशाची स्वतःची मान देण्याची रीत होती, आणि त्या रीतीत मान समूहाच्या नावाने घेतला जाई. राष्ट्रीय पुरस्कार आला तो ही रीत न विचारता आला.

तसा तो कोणत्या परिस्थितीत आला हेही विसरून चालणार नाही. स्वातंत्र्य मिळून वर्ष होते न होते तोच मुंबई राज्याच्या खेर मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. मग ओरड झाली, दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, अटी घालून बंदी उठली आणि वगाची संहिता सरकारी परिनिरीक्षणाखाली आली. बंदीनंतर दहा वर्षे उलटण्याच्या आत, १९५७ साली, त्याच कलेतल्या एका तरुण बाईचा राष्ट्रपती गौरव करतात. काहींना यात राज्यसंस्थेचे मोठे मन दिसते. मला त्यात एक सोय दिसते. तमाशा ही गोष्ट संशयास्पद, पण तमाशातली एखादी व्यक्ती गुणी, असे म्हणणे राज्याला सोपे जाते. समूहाला परवाना घ्यायला लावायचे आणि व्यक्तीला पदक द्यायचे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, कारण पुरस्काराचा साचा व्यक्तीला समूहापासून सोडवून घेतो. दलित जातींच्या माणसांनी शतकभर ओढलेल्या या धंद्यात त्या सोडवून घेण्याला आणखी एक अर्थ येतो: अपवाद मानाचा, बाकीचे होते तिथेच.

फड म्हणजे नेमके काय, ते पाहायचे तर चैत्राच्या तोंडावर नारायणगावात यावे. गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नव्हे. फडांच्या राहुट्या ओळीने लागतात. बाहेर फडाच्या नावाचा रंगीत फलक, त्यावर मालकाचे किंवा मालकिणीचे चित्र. आत एक टेबल, दोन-चार खुर्च्या, तारखांची वही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर इकडची माणसे गावाच्या यात्रेसाठी तमाशा ठरवायला येतात. यात्रा कमिटीची पाच-सहा जण एका राहुटीतून दुसरीत जातात. विचारतात ते असे: नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, वग कोणता, सकाळची हजेरी होणार का, गाड्या वेळेवर पोचणार का. घासाघीस होते, आकडा ठरतो, सुपारी दिली जाते, वहीत तारीख पडते. पाडव्याला तर पाय ठेवायला जागा नसते. या सौद्यात गावकरी कोणा एका कलावंताला विकत घेत नाही. तो एक रात्र घेतो: गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग आणि उजाडल्यावरची हजेरी. त्या रात्रीमागे ढोलकीवाला आहे, हलगीवाला, तुणतुणेवाला, झीलकरी आहेत, सुरत्या आहे, मावशी आहे. कनात ठोकणारे, दिवे बांधणारे, ट्रक हाकणारे आणि शंभरावर माणसांचा स्वयंपाक करणारे आहेत. दसऱ्याला फड बाहेर पडण्याआधी यांतल्या प्रत्येकाने मालकाच्या वहीत नाव लावून उचल घेतलेली असते, आणि ती उचल मालकाने बहुधा व्याजाने आणलेली असते. तमाशाचे अर्थशास्त्र एवढेच आहे. ज्याला ही वही वाचता येत नाही त्याला तमाशाचा पुरस्कार देता येणार नाही, असे मला वाटते.

आता विठाबाईंची जी गोष्ट महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते तिच्याकडे या वहीच्या बाजूने पाहू. दिवस भरलेले असताना त्या फळीवर उभ्या होत्या, कळा सुरू झाल्या, कनातीमागे जाऊन त्यांनी बाळाला जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. ही हकीकत त्यांच्या असामान्य धैर्याची म्हणून सांगितली जाते आणि ते धैर्य असामान्य होतेच. पण नऊ महिने भरलेली बाई त्या रात्री फळीवर का होती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. कारण तिच्या नावावर तिकीट खपत होते, खेळ मोडला तर रात्रीचा गल्ला जात होता आणि गल्ला गेला तर फडातल्या सगळ्यांची चूल विझत होती. बाळंतपणाची रजा, बदली कलावंत, आजारपणाची तरतूद यांपैकी काहीही त्या फळीमागे नव्हते. आपण धैर्याला पदक देतो, आणि ज्या उणिवेमुळे ते धैर्य दाखवावे लागले ती जागच्या जागी राहू देतो. शेवटही तसाच झाला. दोन वेळा राष्ट्रपतींकडून सन्मान झालेल्या या बाईंचे १५ जानेवारी २००२ला निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या पैशातून भागवावे लागले. योगीराज बागूल यांनी त्यांच्या चरित्राला ‘तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा’ हे नाव दिले आहे. त्या शीर्षकातला सल मला कधी अतिशयोक्तीचा वाटलेला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. पुरस्कार म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे. गुणवत्तेची मोहोर उमटवणे एवढेच त्याचे काम. उपजीविकेची सोय पाहायला दुसऱ्या योजना आहेत. योजना आहेत, हे खरे. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात १९५४-५५पासून चालू आहे. पण तिच्याकडे जरा जवळून पाहा. अगदी अलीकडेपर्यंत तिच्यात तीन वर्ग होते: राष्ट्रीय पातळीवरचा कलावंत अ वर्गात, राज्य पातळीवरचा ब, जिल्हा पातळीवरचा क. महिन्याचे मानधन अनुक्रमे ३१५०, २७०० आणि २२५० रुपये. म्हणजे मोहोर आणि पोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे म्हणणाऱ्या व्यवस्थेनेच मोहोर पाहून पोटाचा दर ठरवला होता. ज्या झीलकऱ्याने तीस वर्षे एखाद्या राष्ट्रीय कलावंताच्या मागे उभे राहून सूर धरला, त्याची पातळी कोणती? तो जिल्ह्याचा, आणि त्याच्यापुढे चार पावलांवर उभी असलेली बाई राष्ट्राची? २०२४मध्ये हे वर्ग मोडून सरसकट ५००० रुपये करण्यात आले. हा निर्णय चांगला झाला. पण तो घ्यावा लागला यातच पहिल्या आक्षेपाचे उत्तर आहे. पदकाचा परिणाम पदकापाशी थांबत नाही. तो पुढे कागदोपत्री उतरतो आणि कोणाला किती मिळेल ते ठरवतो.

विठाबाईंच्या मागे राज्य सरकारने २००६मध्ये त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्याच्या मानकऱ्यांची यादी मला राष्ट्रीय यादीपेक्षा अधिक बोलकी वाटते. कांताबाई सातारकर या पहिल्या मानकरी. पुढे वसंत अवसरीकर, सुलोचना नलावडे, हरिभाऊ बढे, मंगला बनसोडे, साधू पात्सुते, अंकुश खाडे, प्रभा शिवणेकर, भीमा सांगवीकर, गंगाराम कवठेकर, राधाबाई खोडे नाशिककर, मधुकर नेराळे, गुलाबबाई संगमनेरकर, आतांबर शिरढोणकर, संध्या माने. ही नावे ओळीने मोठ्याने म्हटली की निम्म्या महाराष्ट्राचा नकाशा तयार होतो. अवसरी हे आंबेगाव तालुक्यातले गाव. आंबेगावला लागूनच शिरूर तालुक्यात कवठे येमाई, जिथून नारायण खुडे निघाले. त्याच कवठ्याच्या बशीर मोमीन कवठेकरांनाही हा पुरस्कार मिळाला, आणि ते वग आणि लावण्या लिहिणारे. फळीवर न दिसणाऱ्या लेखणीला तमाशाचा सर्वोच्च मान मिळाला, ही या यादीतली मला सर्वांत महत्त्वाची घटना वाटते, कारण तिथे साचा थोडा सैल झाला. मंगला बनसोडे या विठाबाईंच्या कन्या. त्यांना आईच्या नावाचा पुरस्कार मिळाला आणि घराणे म्हणजे काय हे यादीतच लिहिले गेले. कांताबाईंचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांचे नाव २०२६च्या पद्मश्रींमध्ये आले. हाही एका घराने दोन पिढ्या चालवलेला फड. तमाशातला माणूस आडनाव टाकून गावाचे नाव लावतो तेव्हा तो आपली ओळख स्वतःपुरती ठेवत नाही. यादी करणाऱ्यांनी ही खूण वाचली पाहिजे होती.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो करणारे कलेवर प्रेम करणारेच असतात. सगळे श्रेय फडाला दिले तर विठाबाई कुठे राहिल्या? फड पुष्कळ होते, विठाबाई एकच झाल्या. प्रतिभा समूहात विरघळवून टाकणे हा तिच्यावर अन्यायच आहे. मला हे मान्य आहे, आणि म्हणूनच व्यक्तिगत पुरस्कार बंद करा असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरे आसन मांडा, एवढेच माझे म्हणणे आहे. ते मांडता येते याचे दाखले आहेत. अकादमीने १९९८चा पुरस्कार राजन आणि साजन मिश्र यांना जोडीने दिला, कारण त्यांचे गाणे दोघांचे मिळून एक होते. जपानने १९५०च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्याखाली पारंपरिक कलांच्या धारकांना मान्यता देण्याचे तीन मार्ग आखले: एक व्यक्ती म्हणून, एक अनेकांनी मिळून सादर करायच्या कलेतल्या धारकांना एकत्र, आणि एक कला जपणाऱ्या मंडळाला. व्यक्तीला तिथे वर्षाला वीस लाख येन मिळतात, आणि ते विद्या पुढच्या पिढीकडे सोपवण्यासाठी. ब्रिटनमधला टर्नर पुरस्कार १९८४ साली सुरू झाला. २०१५मध्ये तो असेंबल नावाच्या गटाला मिळाला आणि २०२१मध्ये तर अंतिम यादीतले पाचही स्पर्धक गटच होते. तिथल्या रसिकांत त्यावर वाद झाले, पण पुरस्कार मोडून पडला नाही. होनाजी बाळाची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: फडाला दिलेला पैसा मालकाच्या खिशात जाईल. जाईलही. पण याला उत्तर आहे. राज्याच्या प्रयोगात्मक कलांच्या अनुदान योजनेत पूर्णवेळ फड आणि हंगामी फड असा भेद करून फडालाच पैसे दिले जातात. म्हणजे फड कोणता, तो खरा की कागदावरचा, हे तपासण्याची पद्धत सरकारपाशी आहे. अनुदान देताना जो फड दिसतो तो सन्मान देताना दिसेनासा का व्हावा? शिवाय प्रत्येक मालकाकडे उचलीची वही असते, आणि त्या वहीत हंगामातल्या एकूण एक माणसाचे नाव असते. सन्मानाची रक्कम कशी वाटायची हे ठरवायला याहून चांगला दस्तऐवज सापडणार नाही. आता राहिला आजच्या तमाशाबद्दलचा तक्रारीचा सूर: वग आटला, सिनेमाची गाणी वाढली, गण-गवळण उरकून घेतात, मग कसला गौरव? ही तक्रार खोटी नाही. पण वग का आटला ते पाहा. वगाला तालमी लागतात, तालमीला महिनाभर माणसे जवळ ठेवावी लागतात, आणि त्या महिन्याला कमाई नसते. गाणे वाजवून नाचायला तालीम फारशी लागत नाही. व्यक्तीला आयुष्याच्या संध्याकाळी दिलेल्या पुरस्काराने हे गणित बदलत नाही. तोच पैसा नव्या वगाच्या तालमीसाठी फडाला दिला, तर बदलू शकते.

संध्याकाळचा मुद्दाही सोडून देण्यासारखा नाही. अकादमीने स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि तोवर राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलावंतांना एकदाच द्यायचा असा खास अमृत पुरस्कार दिला. तो समारंभ सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीत झाला. हेतू चांगला होता. पण सत्तर वर्षे चाललेल्या पुरस्काराच्या नजरेतून किती माणसे सुटतात याची ती अकादमीनेच दिलेली कबुली होती. वाईच्या लावणीगायिका यमुनाबाईंना अकादमीचा पुरस्कार मिळाला १९९५ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, आणि पद्मश्री २०१२मध्ये. मान उशिरा का होईना मिळाला म्हणून आपण समाधान मानतो. पण त्यांच्या उमेदीच्या काळात जे ढोलकीवाले त्यांच्या मागे बसले, ते ऐंशीपर्यंत जगले नसतील तर त्यांच्यासाठी कोणता अमृत पुरस्कार आहे?

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला आला, आणि देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस होता. वर्षाचा सगळा व्यवहार ज्या दिवसांवर उभा असतो तेच दिवस बुडाले. यात्रा रद्द झाल्या, राहुट्यांतल्या वह्या कोऱ्या राहिल्या. पुढचा चैत्रही तसाच गेला. २०२१च्या मे महिन्यात कोरोनाने कांताबाई सातारकर गेल्या. विठाबाईंच्या नावाचा पहिला पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांच्यावर रीतसर मृत्युलेख आले आणि ते यायलाच हवे होते. त्याच दोन वर्षांत फडांतून जी माणसे मोलमजुरीला लागली आणि परत आलीच नाहीत, त्यांची नावे कुठल्याही यादीत नाहीत. ती फक्त उचलीच्या वह्यांत आहेत.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना म्हणून एक विनंती आहे. थापलिंगच्या खंडोबाची असो, मुक्ताईची असो की आपल्या वाडीची, पुढच्या यात्रेत तमाशा ठरवाल तेव्हा हजेरी संपल्यावर फडातल्या सगळ्यांना फळीवर बोलवा. प्रत्येकाचे नाव आणि गाव विचारून यात्रा कमिटीच्या वहीत लिहून घ्या आणि ती वही जपून ठेवा. नारळ आणि टोपी एकट्या मालकाला देऊ नका. आणि मुंबई-दिल्लीत मानपत्रे लिहिणाऱ्यांनी पुढच्या मानपत्रावर मानकऱ्याच्या नावाखाली त्याच्या फडातल्या प्रत्येकाचे नाव छापावे. शंभर नावांना एक पान पुरते.